ड्रॅगन भाड्याने देणे आहे

ज्या खेळाला पट लागत नाही, सोंगट्या नसल्या तरी अडत नाही, मैदान तर नकोच आणि कोण जिंकलं हेही शेवटी कुणी विचारत नाही, त्या खेळाची पुस्तकं ठेवायला मात्र घरात वेगळी खोली लागते. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा तो खेळ.

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी तलवारबाज होतो, कुणी मांत्रिक, कुणी चोर. डंजन मास्टर म्हणतो, "समोर दार आहे. बंद आहे." मग पाऊण तास ते दार कसं उघडायचं यावर चर्चा चालते. एक जण दाराला कान लावतो, दुसरा कुलूप चाचपतो, तिसरा दाराशी गोड बोलून पाहतो. अखेर वीस बाजूंचा फासा पडतो, दार उघडतं आणि आत आणखी एक दार निघतं. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभांना नेमाने बसलेल्या माणसाला या खेळात नवीन काहीच शिकावं लागत नाही.

हा प्रकार १९७४ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा नावाच्या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स हा विमा कंपनीतली नोकरी गेलेला आणि घरी जोडे दुरुस्त करून संसार ओढणारा गृहस्थ आणि मिनेसोटातला त्याचा खेळगडी डेव्ह आर्नसन, हे दोघे त्याचे जनक. पहिल्या हजार प्रती घरच्यांनी आणि मित्रांनी हाताने खोक्यात भरल्या. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर.

त्यातल्या तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकांनी वाचकांना सुचवलं होतं की नियम अपुरे पडले तर तुमचे तुम्हीच ठरवा, कल्पना करायचं काम आमच्याकडून कशाला करून घेता? मालकाने स्वतःच्याच गल्ल्याविरुद्ध इतका उघड सल्ला छापून दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. पण हा भाबडेपणा टिकला नाही. पुढची पन्नास वर्षं वाचकांच्या वतीने कल्पना करायचं काम कंपनीने आनंदाने अंगावर घेतलं आणि प्रत्येक कल्पनेचं बिल लावलं.

१९७७ ते १९७९ या काळात पुठ्ठाबांधणीची तीन जाडजूड पुस्तकं आली. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती. १९९७ मध्ये मूळ कंपनी टीएसआर कर्जात बुडाली आणि पत्त्यांचा धंदा करून गब्बर झालेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. दोनच वर्षांत विझार्ड्सला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने गिळलं. मग २००० मध्ये तिसरी आवृत्ती, २००३ मध्ये चक्क साडेतिसरी, २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी. २०२४ मध्ये जी आली तिला सहावी म्हणायचं कंपनीने कटाक्षाने टाळलं.

आता ड्रॅगन काही दर दहा वर्षांनी बदलत नाही. तो तसाच डोंगराच्या पोटात सोन्यावर बसून असतो. बदलतात ते त्याला मारायचे नियम. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भारी, आणि उणे दहा म्हणजे कडेकोट. शाळेत उणे आकड्यांशी ज्यांचं कधी जमलं नाही अशा लाखो पोरांनी हे गणित रात्री जागून पाठ केलं. २००० साली कंपनीने ते उलटं केलं, आता आकडा मोठा तेवढं चिलखत चांगलं. एका रात्रीत कपाटभर पुस्तकं जुनी झाली. कंपनीने ती छापणं थांबवलं, दुकानांतून ती नाहीशी झाली आणि त्याच क्षणापासून सगळ्यांना तीच हवीशी वाटू लागली.

जुनी पुस्तकं हवीत का, याबद्दल मी तरी खेळाडूंच्या बाजूचा आहे. कारण जुनी पुस्तकं विलक्षण आहेत. १९८० सालचं 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' मराठी वाचकाने एकदा तरी चाळावं. त्यात ग्रीक, नॉर्स आणि इजिप्शियन देवांच्या पंक्तीला आपलेही देव बसवले आहेत. इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, लक्ष्मी, सगळे आहेत. प्रत्येकापुढे त्याच्या चिलखताचा आकडा आणि त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाल्ल्यावर तो आडवा होईल याचा हिशोब. इंद्राला हिट पॉइंट देताना लेखकांनी हात आखडता घेतलेला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पुराणं वाचलेल्या कुणालाही पटेल की इंद्राला त्यांची गरज पडायची.

या पुस्तकाच्या पहिल्या छपाईत लव्हक्राफ्टचा थुलू आणि मूरकॉकचा एल्रिक या दोन कथाविश्वांवरही प्रकरणं होती. ते हक्क दुसऱ्याच प्रकाशकाकडे आहेत हे नंतर उघड झालं. आधी आभाराची ओळ छापून पाहिली, मग ती प्रकरणंच काढून टाकली. १४४ पानांचं पुस्तक १२८ पानांचं झालं. तेव्हापासून संग्राहक मंडळी उरलेली १२८ पानं न उघडता आधी शेवटच्या पानाचा आकडा बघतात. पुढे १९८५ मध्ये तेच पुस्तक 'लेजंड्स अँड लोअर' या सौम्य नावाने आलं. अमेरिकेत त्या वेळी हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो असा गदारोळ चालू होता. दुसऱ्या आवृत्तीत तर सैतान आणि पिशाच्च यांची सरळसोट नावं गाळून त्यांना नवी, उच्चारायला अवघड नावं दिली गेली. सैतान राहिले, पण पालकांना वाचता येणार नाहीत अशा नावांनी.

आणि राक्षस! १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'राक्षस' याच नावाने आपला राक्षस आहे आणि तो मूळचा भारतातला अशी नोंदही आहे. पण चित्रात बघावं तर वाघाचं तोंड, अंगात घरात घालायचा झुळझुळीत झगा आणि हातात पाईप. याला ठार करायचं तर मंत्रवलेला बाण लागतो. रामायणात हे कुठे आहे म्हणून शोधू नका. १९७४ मध्ये अमेरिकी टीव्हीवर लागलेल्या 'कोलचॅक' नावाच्या भीतीदायक मालिकेच्या एका भागातून गायगॅक्सने तो उचलला. आमच्या भाच्याने हे चित्र मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा म्हणाला, "मामा, हा माणसं खात असेल असं वाटत नाही. जिमखान्याचा आजीव सभासद वाटतो."

हा भाचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. शनिवारी रात्री त्याचं टोळकं जमतं आणि १९८१ सालच्या नियमांनी खेळतं. २००० नंतर जन्मलेली ही मुलं आपल्या आईबापांच्या बालपणीच्या, तेही अमेरिकेतल्या बालपणीच्या, आठवणीने व्याकूळ होतात. मी एकदा विचारलं, "अरे, नवीन नियम काय वाईट आहेत?" तो म्हणाला, "नवीन नियमांत पात्र मरत नाही, मामा. मजा काय?" जुन्या नियमांत पहिल्या पातळीच्या मांत्रिकाला सहसा चारपेक्षा जास्त हिट पॉइंट नसतात आणि मांजराने नीट ओरबाडलं तरी तो जातो. मुलं अशा मांत्रिकाचं नाव ठेवतात, त्याच्या घराण्याचा इतिहास लिहितात आणि पहिल्याच खोलीत त्याला मूठमाती देऊन दुसऱ्याचा इतिहास लिहायला घेतात.

ही पुस्तकं आपल्याकडच्या रद्दीत कधी आलीच नाहीत. फोर्टच्या पदपथावर किंवा अप्पा बळवंत चौकात तुम्ही कितीही धूळ खा, त्यात तुम्हाला ड्रॅगन सापडायचा नाही. अमेरिकेतून मागवायचं तर डॉलरमधली किंमत, त्यावर टपालखर्च, त्यावर आपल्या सीमाशुल्काचा हात. त्यामुळे कोथरूडमधल्या पोराच्या दृष्टीने पुस्तक पडद्यावर मिळणं ही सोय नव्हे, तोच एकमेव रस्ता आहे. डिजिटल प्रतींना नाक मुरडणारे पुस्तकप्रेमी बहुधा अमेरिकेत राहतात किंवा त्यांचा मुलगा तरी राहतो.

दुर्मीळपणाचा कळस म्हणजे 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस'. १९८१ मध्ये जीन वेल्स या लेखिकेने लिहिलेली ही साहसकथा नारिंगी वेष्टनात छापून तयार झाली, आणि आतली काही चित्रं आक्षेपार्ह वाटल्याने कंपनीने बाहेर पडताक्षणीच परत मागवली. बहुतेक प्रती नष्ट केल्या, कथा दुसऱ्याकडून लिहून घेतली आणि नव्या वेष्टनात आणली. वाचलेल्या मोजक्या नारिंगी प्रतींसाठी संग्राहक पुढे हजारो डॉलर मोजू लागले. आणि मग एके दिवशी नव्या मालकांनी, म्हणजे विझार्ड्सने, हीच नारिंगी आवृत्ती इंटरनेटवर फुकट उतरवून घ्यायला ठेवली. ज्याच्या तिजोरीत ती प्रत होती त्याच्या तोंडाकडे त्या दिवशी बघायला मिळायला हवं होतं. ती प्रत वाचायला कुणी पैसे देत नव्हतं. दुसऱ्याकडे नाही, यासाठी देत होते.

इथे कायद्याची एक गंमत सांगायला हवी. अमेरिकी कायद्यात खेळाच्या नियमांवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो. नियम ज्या शब्दांत मांडले त्या शब्दांवर आणि चित्रांवर असतो. कंपनी जुनी पुस्तकं छापत नाही म्हटल्यावर काही चिवट खेळाडूंनी तेच नियम स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून काढले. २००६ मध्ये 'ओसरिक' आलं, त्यात १९७० च्या दशकातल्या त्या तीन जाडजूड पुस्तकांतला 'ॲडव्हान्स्ड' खेळ जवळजवळ जसाच्या तसा उभा आहे. त्यानंतर अशा पुस्तकांची रांगच लागली. म्हणजे बंद झालेला खेळ हौशी मंडळींनी चालू ठेवला आणि त्यातून नवे प्रकाशक उभे राहिले. बंद करणाऱ्यांना आपलं दुकान सोडून गेलेलं गिऱ्हाईक तेव्हा दिसू लागलं.

तसं कंपनीला डिजिटलचं वावडं कधीच नव्हतं, फक्त ते पचत नव्हतं. 'ड्रॅगन' नावाचं या खेळाचं मासिक १९७६ पासून निघत होतं. १९९९ मध्ये त्याचे पहिले २५० अंक सीडींच्या संचात घालून विकायला काढले. कल्पना उत्तम. फक्त एक बारीकसं काम राहून गेलं, ते म्हणजे त्या अंकांत ज्यांनी लिहिलं आणि चितारलं होतं त्या सगळ्यांना विचारणं. मासिकात 'नाइट्स ऑफ द डिनर टेबल' ही चित्रकथा यायची. तिच्या प्रकाशकाने विचारलं, आमची चित्रं तुमच्या सीडीवर कशी? तडजोड झाली. त्या चित्रकथेतली भांडखोर पात्रं 'हॅकमास्टर' नावाचा एक कपोलकल्पित खेळ खेळायची. तडजोडीतून त्या प्रकाशकाला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या नियमांवर आधारून तो खेळ खराखुरा छापायची मुभा मिळाली आणि २००१ मध्ये 'हॅकमास्टर' दुकानात आला. चित्रकथेत त्याची चौथी आवृत्ती चालू असायची, म्हणून पहिलं छापील पुस्तकही चौथी आवृत्ती म्हणूनच निघालं. जुने अंक लोकांना द्यायला गेले आणि पदरात एक प्रतिस्पर्धी घेऊन आले.

मग पीडीएफ आल्या. जुनी पुस्तकं स्कॅन करून स्वस्तात विकायची सोय झाली आणि काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. ६ एप्रिल २००९ रोजी विझार्ड्सने अचानक सगळ्या पीडीएफची विक्री थांबवली. नव्या 'प्लेयर्स हँडबुक २'च्या चोरट्या प्रती इंटरनेटवर फिरत होत्या. कंपनीने आठ जणांवर दावे लावले आणि जोडीला प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्यांचंही दुकान बंद केलं. एका विक्रेत्याने आपल्या गिऱ्हाइकांना कळवलं की तुम्ही आधीच विकत घेतलेल्या फायलीही उद्या दुपारपर्यंत उतरवून घ्या, नंतर मिळणार नाहीत. चोरांना अर्थातच ही सूचना लागू नव्हती, त्यांच्या प्रती बाराही महिने उपलब्ध होत्या. जानेवारी २०१३ मध्ये, जवळपास चार वर्षांनी, कंपनीने त्याच जुन्या पुस्तकांचं नवं डिजिटल दुकान थाटलं आणि जणू ही कल्पना आजच सुचली अशा उत्साहाने उद्घाटन केलं.

या पीडीएफ वाचण्यातही एक सुख आहे. काही पानं तिरकी आलेली असतात. त्या काळचे नकाशे फिक्या निळ्या शाईत छापलेले असायचे, त्यांची झेरॉक्स धड निघत नसे. आता झेरॉक्सवाला नामशेष होत आला आणि निळे नकाशे पडद्यावर झकास दिसतात. नवशिक्या डंजन मास्टरांसाठी काढलेल्या एका जुन्या साहसकथेत खोल्यांची वर्णनं छापून पुढे रिकाम्या रेघा सोडल्या आहेत, कुठल्या खोलीत कोणता राक्षस आणि किती धन ते पोराने स्वतः लिहायचं. जुन्या कागदी प्रतींत त्या रेघांवर कुणा बारा वर्षांच्या अमेरिकी मुलाचं पेन्सिलीतलं अक्षर असतं, आणि बहुतेक सगळ्या खोल्यांत त्याने ड्रॅगनच घातलेला असतो.

इथवर व्यवहार साधा होता. पैसे द्या, फाईल घ्या. पण विकलेली वस्तू एकदाच विकता येते, हे दुःख कुठल्याही कंपनीला स्वस्थ झोपू देत नाही. त्यावर उतारा म्हणून वर्गणी आली. चौथ्या आवृत्तीबरोबर, २००८ मध्ये, 'डी अँड डी इनसायडर' सुरू झालं. महिन्याला पैसे भरा, त्यात पात्र तयार करायचं साधन मिळेल, सगळ्या नियमांचा शोध घेता येईल आणि 'ड्रॅगन' मासिकही मिळेल. कारण २००७ मध्ये ते कागदावर छापणं बंद करून पडद्यावर आणलं होतं. २०१० मध्ये पात्र तयार करायचं ते साधन संगणकावरून उचलून मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या तंत्रावर, वेबवर नेलं. सिल्व्हरलाइट आठवत नसेल तर हरकत नाही, मायक्रोसॉफ्टलाही फार काळ आठवलं नाही. ब्राउझरांनी त्याला एकेक करून घराबाहेर काढलं आणि २०२० उजाडताना इनसायडरचा दिवा विझला. १९७४ ची कागदी पुस्तिका आजही उघडते, तिला कुठलाही प्लगइन लागत नाही.

हा सगळा कारभार म्हणजे आपल्याकडचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार आहे. जागा तुमची वाटते, पडदे तुम्ही लावता, भिंतीवर देवाचा फोटोही लावता, पण खिळा ठोकायला मालकाची परवानगी लागते. आणि करार संपला की मालकाला एकाएकी आपला पुतण्या पुण्यात शिकायला येतोय असं आठवतं.

२०१७ मध्ये 'डी अँड डी बियाँड' हे संकेतस्थळ आलं. आधी ते दुसऱ्याच कंपनीचं होतं. २०२२ मध्ये हॅस्ब्रोने ते १४.६३ कोटी डॉलरला विकत घेतलं. इथे पाचव्या आवृत्तीची पुस्तकं विकत मिळतात, पण विकत घेतलं म्हणजे फाईल घरी येत नाही. पुस्तक त्यांच्याकडेच राहतं, तुम्ही त्यांच्या दारात जाऊन वाचायचं. बरं, ते समोर बसलेल्या मित्रांनाही वापरायला द्यायचं असेल तर त्यासाठी वरच्या पायरीची वर्गणी वेगळी. पन्नास वर्षांपूर्वी हे काम पुस्तक टेबलाच्या मधोमध ठेवून होत असे.

आणि मे २०२२ मध्ये त्यांनी जे केलं त्याला मी मनापासून दाद देतो. राक्षसांचं नवं पुस्तक आलं म्हणून 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स' आणि 'मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज' ही आधीची दोन पुस्तकं बियाँडवर विकणं बंद केलं. ज्यांनी आधी घेतली त्यांची राहिली, नव्याने कुणाला मिळणार नव्हती. म्हणजे ज्याला कागद लागत नाही, शाई लागत नाही, गोदाम लागत नाही, त्या पुस्तकाचीही आवृत्ती संपली. छापखान्याच्या अडचणीमुळे पुस्तकं दुर्मीळ होतात अशी आमची इतकी वर्षं समजूत होती. आता कळलं की दुर्मीळपणा हा स्वतंत्र माल आहे आणि तो कशापासूनही बनवता येतो.

भाचा त्या दिवशी चिडला होता. मी म्हणालो, "तुला ती दोन पुस्तकं हवी होती का?"
"नाही."
"मग?"
"पण आता हवी आहेत ना!"

वर्गणीदाराच्या हातात शस्त्र एकच, पण ते भलतंच धारदार असतं. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने इतर प्रकाशकांना २००० सालापासून दिलेला खुला परवाना बदलायचं ठरवलं, त्याचा मसुदा फुटला आणि गहजब उडाला. मोर्चे कुठे काढणार? लोकांनी बियाँडची वर्गणी रद्द करायचं बटण दाबायला सुरुवात केली. पत्रकं, निषेध, लांबलचक निवेदनं यांनी जे झालं नसतं ते बटणाने केलं. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली कायमचे खुले करून टाकले. विकत घेतलेलं पुस्तक रागावून परत करता येत नाही, वर्गणी मात्र रागावून थांबवता येते. वर्गणीची एवढी एक बाजू मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

२०२४ मध्ये पुन्हा तेच नाटक झालं. नवं पुस्तक येणार म्हणून बियाँडवरच्या सगळ्यांच्या पात्रांच्या पत्रिकेतले जुने मंत्र काढून नवे घालायचं जाहीर झालं. ज्याने २०१४ पासून एकच मंत्र जपला त्याचा मंत्र रात्रीत बदलणार होता, तोही त्याला न विचारता. पुन्हा ओरड, पुन्हा काही दिवसांत माघार. कपाटातल्या पुस्तकातला मंत्र रात्रीत बदलत नाही. वाळवी लागली तर जातो, पण वाळवी सुधारित मजकूर घालून जात नाही.

वर्गणीचा हा धंदा एकट्या हॅस्ब्रोचा नाही. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने ऑगस्ट २०२१ मध्ये 'वॉरहॅमर प्लस' ही वर्गणी काढली. वॉरहॅमर हा शिपायांच्या छोट्या पुतळ्यांच्या लढाईचा खेळ. सुरुवातीची वर्गणी महिना ४.९९ पौंड. त्यात ॲनिमेशनपट, ॲप वगैरे आहे आणि 'वॉरहॅमर व्हॉल्ट' नावाची तिजोरीही. बाजारातून गेलेली जुनी पुस्तकं आणि 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाचे मागचे अंक त्यात ठेवलेले. कल्पनेत चांगलं तेवढं सगळं यात आहे: जुनं साहित्य अधिकृतपणे, नीट लावलेलं, शोधता येईल असं. नावाने तिजोरी आणि किल्ली मात्र मालकाच्या कमरेला, हा बारकावा जाहिरातीत नसतो.

तिजोरी उघडून आत किती जण जातात, हा प्रश्न मी भाच्याच्या एका मित्राला विचारला. त्याच्याकडे अशा दोन-तीन वर्गण्या चालू आहेत. तो म्हणाला, "वाचतो असं नाही काका, पण असलेलं बरं." डिजिटल वर्गणीचा अख्खा धंदा या वाक्यावर उभा आहे. माणूस कपाटात न वाचलेली पुस्तकं ठेवतो तेव्हा निदान धूळ तरी त्याला टोचणी लावते. पडद्यामागची न वाचलेली पुस्तकं दर महिन्याला बँकेच्या संदेशातून भेटतात आणि तो संदेश वाचायच्या आत पुसला जातो.

तेव्हा माझं मत सांगतो, मामा असल्यामुळे ते कुणी मागितलेलं नाही. जुनं साहित्य पुन्हा मिळतंय हे उत्तमच आहे. १९८१ ची कथा कोथरूडच्या पोरांना आज वाचता येते, ही गोष्ट मला कुठल्याही नव्या आवृत्तीपेक्षा मोलाची वाटते. शोधायला, चाळायला, खेळता खेळता नियम तपासायला वर्गणी झकास आहे. पण जे पुस्तक आपल्याला खरंच आवडतं त्याची पीडीएफ मिळत असेल तर सरळ विकत घ्यावी, त्याच दिवशी उतरवून घ्यावी, दोन ठिकाणी ठेवावी आणि मित्रांना न वाटता स्वतःपाशीच जपावी. कंपन्यांनाही सांगणं एवढंच की तिजोरीच्या दाराशी एक छोटी खिडकी ठेवा. ज्याला पाच पौंडांत महिनाभर डोकवायचंय त्याला डोकवू द्या आणि ज्याला पन्नास रुपये जास्त देऊन आपला ड्रॅगन घरी न्यायचाय त्याला तो नेऊ द्या. पाळायचा कसा ते त्याचं तो बघेल.

हे ज्यांना पटत नसेल आणि ज्यांना एक पैसाही द्यायचा नसेल त्यांच्यासाठी कायद्यात सोय आहे. १९७४ साली छापलेल्या मजकुरावरचा स्वामित्वहक्क अमेरिकेत ९५ वर्षं टिकतो. त्या हिशोबाने जोडे दुरुस्त करणाऱ्या गायगॅक्सच्या त्या तीन पुस्तिका १ जानेवारी २०७० रोजी सगळ्यांच्या होतील. तोवर हप्ते वेळेवर भरा.